टेलपर्यंत पाणी

तलावाच्या लाभक्षेत्रात जमीन असणे वेगळे आणि त्या जमिनीला तलावाचे पाणी मिळणे वेगळे. पाटाच्या फाट्याला चारी म्हणतात; तिच्या टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला, ज्याचे शेत आहे त्याला हे समजावून सांगावे लागत नाही. आमचे शेत टेलला. कागदोपत्री ते पहिल्या वर्षापासून ओलिताखाली. प्रत्यक्षात पाटाला पाणी सुटले की हेडचा, म्हणजे चारीच्या तोंडापाशी असलेल्यांचा, ऊस भिजायचा, मधल्यांचा गहू निघायचा आणि आमच्या बांधापाशी चारीत नुसती ओल यायची, तीही एखाद्या वर्षी. आम्ही लाभक्षेत्रातल्या शेतकऱ्यांनी मिळून पाणीवापर संस्था उभी केली आणि हे बदलले. संस्था कशी नोंदवावी याची परिपत्रके मिळतात. ती नोंदवताना माणसामाणसांत काय काय होते ते मात्र कुठे लिहिलेले नसते, म्हणून हे लिहिते आहे.

बहात्तरच्या दुष्काळात या तलावाचे काम निघाले. माझ्या सासूबाई त्या कामावर होत्या. डोक्यावर मातीची पाटी, दुपारी सुकडी आणि आठवड्याच्या पगाराची रांग, हे त्यांच्या तोंडून ऐकतच मी या घरात नांदले. भिंत मातीची. मध्ये काळ्या मातीचा गाभा, दोन्ही अंगांना मुरमाचे कवच, पाण्याच्या बाजूला दगडाचे पिचिंग. एका टोकाला जादा पाणी बाहेर जाण्यासाठी सांडवा. भिंतीच्या पोटातून मोरी, तिच्या तोंडाशी गेट, तिथून पाट आणि पाटाच्या चाऱ्या. राज्यात दोन हजार हेक्टरपर्यंत लाभक्षेत्र असलेल्या प्रकल्पाला लघु म्हणतात. त्या हिशेबाने आमचा तलाव फारच बारका, पण दोन गावांची रब्बी त्याच्यावर चालते.

ज्या बाईने या भिंतीवर माती टाकली तिच्या शेतात या भिंतीचे पाणी कधी आले नाही, ही गोष्ट माझ्या मनातून जात नसे.

संस्थेचे सभासद व्हायचे तर लाभक्षेत्रातल्या सातबारावर नाव लागते. बाया इथेच अडतात. राबायला शेतात, नाव मात्र उताऱ्यावर नाही. बायकांच्या नावावर जमीन करण्याच्या शेतकरी संघटनेच्या लक्ष्मी मुक्ती मोहिमेच्या लाटेत, शरद जोशींची सभा ऐकून आल्यावर, माझ्या सासऱ्यांनी टेलचा तुकडा सासूबाईंच्या नावावर केला होता. पुढे तो माझ्या नावावर आला. तेव्हा घरातल्या कुणालाही वाटले नसेल की या एका नोंदीमुळे ही बाई एक दिवस पाण्याच्या बैठकीत बसेल. कायद्याने व्यवस्थापन समितीत हेड, मध्य आणि टेल या तिन्ही भागांना सारखे प्रतिनिधी दिले आहेत, आणि बायकांनाही जागा दिली आहे. जागा होती, पण उभी राहू शकेल अशी खातेदार बाई टेलला मिळेना. उतारा हातात असलेली मी होते.

कायदा म्हणजे महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम, २००५. त्याआधी प्रत्येकाने नमुना नंबर सातचा अर्ज भरायचा, पीक आणि क्षेत्र लिहायचे, त्यावर पाणीपट्टी लागायची. पाणी किती आले याच्याशी त्या पट्टीचा संबंध नव्हता. संस्था झाली की पाणी संस्थेला मोजून मिळते, घनमीटरवर, आणि आकारणीही त्याच मापाने होते. आत वाटायचे कसे ते सभासदांनी ठरवायचे आणि पीक कोणते घ्यायचे ते ज्याचे त्याने. वाचायला सोपे आहे. आमच्या गावात पहिल्या बैठकीला आलेला पहिला प्रश्न मात्र असा होता: "म्हणजे आता पाण्याला मीटर लावणार का?" दुसरा प्रश्न हेडच्या एका तात्यांचा: "आमचं चाललंय ते बरं चाललंय, आम्ही कशाला यायचं?" हा प्रश्न खरा होता. हेडच्या माणसाने संस्थेत का यावे याचे उत्तर तेव्हा आमच्याकडे नव्हते. ते पुढे पाण्यानेच दिले.

नोंदणीआधी खातेदारांची यादी लागते. ती करताना कळले की लाभक्षेत्रातली निम्मी भांडणे पाण्याची नसून वारसाची असतात. आजोबाच्या नावावर उतारा, खाणारी घरे चार, त्यातले दोघे पुण्याला. यादी चावडीवर लागली, हरकती आल्या, दुरुस्त्या झाल्या. हे काम रटाळ आहे आणि त्याला पर्याय नाही. इथे घाई केली तर पुढे पाणी देण्याच्या प्रत्येक पाळीला "माझं नावच नाही" म्हणून कुणीतरी उभे राहते.

मग पाटाची संयुक्त पाहणी. सिंचन व्यवस्था संस्थेच्या ताब्यात घेण्याआधी अधिकारी आणि शेतकरी बरोबर चालतात, काय मोडले आहे ते लिहून घेतात आणि दुरुस्तीची यादी करतात. पाहणी टेलकडून सुरू करायची असा आमचा आग्रह होता. भिंतीपासून निघाले की ऊन चढेपर्यंत माणसे मध्यापर्यंत येतात आणि उरलेले कागदावर बघून होते. आम्ही खालून वर चढलो. कुठे आउटलेटला गेटच नाही, कुठे पाटाच्या भरावाखालून घातलेला पाइप, कुठे बाभळीच्या मुळांनी उचकटलेले अस्तर. पण माझ्या लक्षात राहिली ती आमच्याच भागातली जागा, जिथे चारी सापडेचना. नकाशावर होती. जमिनीवर हरभरा होता.

शेत आमच्या भावकीतल्या आबांचे. ते बांधावर आले आणि शांतपणे म्हणाले, "सूनबाई, हितं चारी होती हे मला ठावं न्हाई व्हय? मीच खांदायला होतो. पाणी येईना, मग रिकामी जागा ठिवून करू काय? नांगरली." तोवर आम्ही टेलवाले हेडच्या नावाने खडे फोडत होतो. पाणी येत नाही म्हणून टेलने चारी बुजवली, आणि चारी नाही म्हणून वरचा म्हणतो पाणी खाली सोडून उपयोग काय. दोन्ही बाजूंनी गाठ बसली होती. आबांनी अट घातली: "माझ्या वरल्या बांधाला पाणी लागलेलं दाव, मी त्याच दिशी चारी उकरून देतो." चाचणीच्या पाण्याला ते वरच्या बांधाला खरेच लागले. आबांनी शब्द पाळला. उभ्या हरभऱ्यातून चारी काढून दिली, भरपाई मागितली नाही.

त्याच पाहणीत भिंतीवरही फिरलो. मातीच्या धरणाच्या पायथ्याशी थोडा पाझर असतोच, तो स्वच्छ असेल तर भिण्याचे कारण नाही. पाझर गढूळ झाला की समजायचे, पाणी आतली माती घेऊन निघाले आहे. घुशींची बिळे, भिंतीवर वाढलेली झाडे, खचलेले पिचिंग, हे सगळे नोंदवले. आणि सांडव्यावर रचलेली वाळूची पोती. दोन हात पाणी जास्त साठावे म्हणून कुणीतरी दरवर्षी रचायचे. मी त्या दिवशी फार चिडले होते, आणि आजही या बाबतीत माझे मत बदललेले नाही. सांडवा अडवणे म्हणजे भिंतीच्या माथ्यावरून पाणी जाण्याची वाट करून देणे, आणि मातीच्या भिंतीवरून एकदा पाणी पडायला लागले की ती कापत जाते, थांबवता येत नाही. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले आणि खालच्या वाडीतली माणसे घरादारासकट वाहून गेली. तेही लहानच धरण होते. पोती त्याच दिवशी काढली.

गावातल्या काहींना घेऊन आम्ही नाशिक जिल्ह्यात दिंडोरीकडे वाघाडला जाऊन आलो. कोलवण नदीवरचा हा प्रकल्प आमच्यापेक्षा खूप मोठा, पण तिथली सुरुवात आमच्या कामाची होती. बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राने नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तिथे पहिल्या तीन संस्था उभ्या केल्या, त्या टेलला. ज्यांना पाणी मिळत नव्हते त्यांनी सुरुवात केली आणि मग संस्था वर सरकत गेल्या. परतीच्या गाडीत आमच्यातले मधल्या भागातले एक भाऊ म्हणाले, "वहिनी, त्यांच्याकडं प्रत्येक जण आकडे बोलतो. आपल्याकडं सगळे आवाजात बोलतात." त्यानंतर आम्ही मोजणी मनावर घेतली.

चारीच्या मुखाशी पाणी मोजायचा फ्ल्यूम बसला. सिमेंटचा, मध्ये गळा आवळलेला, बाजूला सेंटिमीटरची पट्टी. पट्टीवरची उंची वाचायची, तक्त्यात बघायची, सेकंदाला किती लिटर ते मिळते. सगळ्यांची समजूत अशी की पट्टीवर पाणी दुप्पट चढले की पाणीही दुप्पट. तसे नसते. उंची दुप्पट झाली की प्रवाह पावणेतीन पटीच्या वर जातो. म्हणून दोन बोटांचा फरक किरकोळ समजून चालत नाही.

पाळीचा तक्ता करायला एवढेच गणित लागले: एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८.३ लिटर, तासाला सुमारे १०२ घनमीटर. एका एकरावर साडेसात सेंटिमीटर पाणी द्यायचे तर सुमारे ३०४ घनमीटर लागते. म्हणजे क्युसेकभर पाणी असेल तर एकराला तीन तास. चारीत मुरते ते वेगळे, त्यासाठी टेलला वेळ वाढवून दिला. शेजपाळी, म्हणजे एकामागून एक शेताला पाणी द्यायचा क्रम, टेलकडून हेडकडे न्यायची असे ठरले, म्हणजे पहिले पाणी शेवटच्या शेताला. हेडने त्याला हरकत घेतली नाही याचे मला नवल वाटले. पाणी त्यांच्या दारावरूनच जाणार, मधे हात घालता येतो, असा विश्वास त्यामागे असावा.

रात्रीच्या पाळीचा मुद्दा आम्ही बायांनी काढला. ज्या घरात पुरुष माणूस नाही किंवा बाहेरगावी आहे, तिथे रात्री दोन वाजता बाईने एकटीने दारे धरायचे, पायाखाली चिखल, बॅटरीच्या उजेडात बांध फुटलेला शोधायचा. तक्त्यात नुसते तास भरले तर काही घरांच्या वाट्याला दर वेळी रात्रच येते. म्हणून प्रत्येक आवर्तनात, म्हणजे तलावातून पाणी सुटेल त्या प्रत्येक वेळी, तक्ता बारा तासांनी सरकवायचा ठराव केला. गेल्या पाळीला रात्र होती त्याला या पाळीला दिवस. कुणाचे काही गेले नाही, पण हे सुचवायला बैठकीत बाई असावी लागली.

पहिले आवर्तन सुटले. पट्टी झकास दाखवत होती, तक्त्याप्रमाणे भरपूर पाणी चारीत होते. टेलला मात्र करंगळीएवढी धार. दुसऱ्या दिवशी तीच गत. टेलची माणसे म्हणू लागली, बघा, संस्था करूनही तेच. हेडची म्हणाली, पट्टी बघा की, पाणी सोडलंय. दोघेही जे दिसत होते तेच सांगत होते. आमच्या गावात पाटाचे पाणी सांभाळणारे एक निवृत्त पाटकरी आहेत, त्यांना सगळे अण्णा म्हणतात. त्यांना नेले. त्यांनी पट्टीकडे बघितलेही नाही. फ्ल्यूमच्या पुढे चालत गेले, पहिल्या वळणापाशी थांबले आणि म्हणाले, "हितं तुंबलंय."

वळणावर पाण्याखाली पोती दाबलेली होती. वरून दिसत नव्हती. त्यांच्या मागे पाणी फुगून बाजूच्या पाइपातून शेतात वळत होते, आणि तोच फुगवटा मागे फ्ल्यूमपर्यंत पोचला होता. फ्ल्यूमच्या गळ्यातून पाणी मोकळे उतरले पाहिजे, तरच तक्ता लागू होतो. पुढे तुंबले की पाणी पट्टीवर चढते पण वेग मरतो. आकडा मोठा, पाणी कमी. अण्णा म्हणाले, "पट्टीवर इश्वास ठिवा, पण आधी तिच्या म्होरं चालून या."

त्या रात्रीच्या बैठकीत जे झाले त्याला मी संस्थेचा खरा जन्म मानते. एकाने सरळ हिशेब मांडला: पाणीपट्टी आता पट्टीच्या आकड्यावर लागणार. पोती कुणी एकाने टाकली, आकडा फुगला, बिल सगळ्यांच्या अंगावर. हेडच्या तात्यांनी, ज्यांनी आम्ही कशाला यायचे असे विचारले होते, तेच आकडे पुन्हा जोडून बघितले. मग म्हणाले, "म्हणजे न घेतलेल्या पाण्याचे पैसे मी भरायचे?" पूर्वी एकाने चोरले की नुकसान टेलचे व्हायचे आणि बाकीच्यांना त्याचे काही वाटत नसे. आता ते तात्यांच्याही खिशातून जाणार होते. पोती कुणाची ते बैठकीत कुणी विचारले नाही, आणि मला ते बरे वाटले. सकाळी ती निघालेली होती.

त्यानंतर दोन नियम झाले. नोंद घेताना हेडचा एक आणि टेलचा एक असे दोघे जातात, दोघांच्या सह्या वहीत, आणि नोंदीआधी पुढच्या वळणापर्यंत चालून यायचे. दुसरे, टेलच्या तोंडाशी पत्र्याचा ९० अंशांचा व्ही-नॉच, म्हणजे पाणी मोजायची व्ही आकाराची खाच, बसवला. त्यावर २० सेंटिमीटर पाणी म्हणजे सेकंदाला साधारण २५ लिटर. वर किती सुटले आणि खाली किती पोचले हे एकाच वहीत शेजारी शेजारी लिहिले जाऊ लागले. वाटेत किती मुरते ते कळल्यावर चारीचा कोणता तुकडा आधी दुरुस्त करायचा यावर वादच राहिला नाही.

सगळ्यात अवघड बैठक असते पावसाळा संपल्यावरची. १५ ऑक्टोबरला तलावात किती पाणी आहे ते बघून रब्बीचे नियोजन ठरते. पिण्याच्या पाण्याचा वाटा आधी काढायचा, मृत साठा मोरीच्या खालीच राहतो, तो जनावरांना आणि मासळीला. उरलेल्यावर ओढाताण. ऊसवाले दरवर्षी म्हणतात, हिवाळ्यात हात आखडता घ्या, उन्हाळ्याला ठेवा. ऐकायला हे काटकसरीचे वाटते. पण उन्हाळ्यात उघड्या पाण्यातून दिवसाला साधारण एक सेंटिमीटर उडून जाते. पाण्याचा पसारा वीस हेक्टर धरला तर रोज दोन हजार घनमीटर, म्हणजे साडेसहा एकर एकदा भिजवण्याइतके पाणी कुणाच्याही शेतात न जाता रोज जाते. आमचा तलाव उथळ, पसरट आणि गाळाने आणखी उथळ झालेला, त्यामुळे आम्हाला हा फटका जास्त. तेच पाणी ज्वारी पोटरीत असताना, म्हणजे कणीस बाहेर पडायच्या आधी, किंवा हरभऱ्याचे घाटे भरताना दिले तर घरात धान्य येते आणि कडबाही. हे फळ्यावर मांडून दाखवावे लागते, दर वर्षी नव्याने. काही जणांना अजून पटलेले नाही. एका वर्षी साठाच कमी होता तेव्हा एकच पाळी देता आली, ती पोटरीच्या वेळेला लावली, आणि टेलच्या ज्वारीलाही ती पोचली. आबांनी त्या चारीच्या दोन्ही बाजूंना आता शेवगा लावला आहे.

सासूबाईंना चालवत नाही, पण पहिले पाणी आमच्या शेतात उतरले तेव्हा त्यांना गाडीत घालून आणले होते. त्यांनी पाणी कमी आणि वाफ्यांना पाणी नेणारा दांड जास्त बघितला. म्हणाल्या, "उतार चुकलाय गं, खालच्या वाफ्यात पाणी तुंबंल." उतार चुकलेलाच होता, तो नीट करून घेतला.

सध्या आमच्यापुढे उपशाचा प्रश्न आहे. तलावाच्या काठाने मोटारी आहेत. त्या पाण्याचा हिशेब चारीच्या वहीत येत नाही, आणि गेट बंद असतानाही तलावाची पातळी उतरताना दिसते. मोटारवाले आपले शत्रू नाहीत. त्यातल्या काहींच्या बापजाद्यांची जमीन बुडीत क्षेत्रात गेली आहे आणि त्यांचे म्हणणे असे की आमच्या रानावर तुमचा तलाव उभा आहे. हे नाकारता येत नाही. कायद्यात उपसा सिंचनवाल्यांनाही संस्था करता येते आणि त्यांचाही वाटा मोजून ठरतो. आम्ही त्यांच्याकडे जाऊन तीच वही दाखवली, वर किती, खाली किती. काहींनी अर्ज दिले आहेत, मोटारींना मीटर बसवायला काही तयार आहेत, बाकीचे ऑक्टोबरच्या बैठकीला येतो म्हणाले आहेत. बैठक या वेळी त्यांच्या वस्तीवर घ्यायची असे ठरले आहे.